तारुण्यपिटिका आणि त्यांचे डाग

तैलग्रंथींचा अतिस्राव, रोमरंध्रांचा अवरोध व जंतूंचा प्रादुर्भाव यांतून तारुण्यपिटिका उद्भवतात. त्या शमल्यावर दाहामुळे साचलेले रंगद्रव्य सावळ्या-गव्हाळ वर्णावर अनेक महिने डागरूपाने टिकते.

इलाज : रात्री ०.१ टक्के अ‍ॅडापलीनचा व सकाळी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचा पातळ लेप लावून निदान १२ आठवड्यांची मुदत द्यावी. गर्भवतींनी अ‍ॅडापलीन वर्ज्य मानावे.

डाग : अ‍ॅझेलिक आम्लाने ते फिके होतात, मात्र माळव्याच्या प्रखर उन्हात एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावण्यात कसूर झाली, तर ते पुन्हा गडद होतात. पिटिका फोडू नयेत.

सावधगिरी : गोरेपणाच्या आशेने लावलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमांनी त्वचा पातळ होऊन पिटिका उलट बळावतात, सबब, केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टेरॉइडांच्या विनाचिठ्ठी विक्रीस मनाई केली.

इंदुरात : १९४८ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, खोल गाठी वा व्रण दिसताच, संकोच न बाळगता, तरुणांनी तेथील तज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.