जिन्यावरच्या कादंबऱ्या

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, ईस्ट रिव्हरच्या काठावर, सप्टेंबर २०१९ मध्ये हंटर्स पॉइंट ग्रंथालय सुरू झालं. आराखडा स्टीव्हन हॉल या नामवंत वास्तुविशारदाच्या कार्यालयाचा, खर्च ४ कोटी डॉलरहून अधिक. करड्या भिंतीतल्या मोठाल्या काचांतून समोर मॅनहॅटन दिसतं. आत जिना वर चढत जातो आणि त्याच्या कडेने टप्प्याटप्प्याने चढलेल्या सज्जांवर तेव्हा कादंबऱ्यांची कपाटं होती. इमारत देखणी आहे, यात वादच नाही.

पण त्या मधल्या सज्जांवर जायला जिन्याखेरीज वाट नव्हती. लिफ्ट होती, ती तिथे थांबत नव्हती. व्हीलचेअरवरच्या वाचकाला कादंबऱ्या खालून नुसत्या बघाव्या लागत. हवं ते पुस्तक कर्मचारी आणून देतील, असं ग्रंथालयाने सांगितलं. हे उत्तर मला फार लागलं. ग्रंथालयात आपण पुस्तकाचं नाव ठरवूनच जातो असं थोडंच आहे? एक काढावं, चार ओळी वाचाव्यात, परत ठेवावं, शेजारचं उचलावं, आणि भलतंच काही घेऊन घरी यावं. हे दुसऱ्याला सांगून कसं करून घ्यायचं?

नोव्हेंबरमध्ये प्रकरण कोर्टात गेलं. अपंगांच्या हक्कांचा कायदा अमेरिकेत १९९० पासून आहे, म्हणजे नियम नवा नव्हता. पुस्तकंच तिथून हलवावी लागली.

आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा सध्याचा कायदा २०१६ चा. दारातल्या रॅम्पचं माप साधं आहे: चढ फार तर एकास बारा. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील, तर रॅम्प निदान अठरा फूट हवा. नकाशावर ही पेन्सिलीची एक रेघ असते. पोर्च बांधून, फरशी बसवून झाल्यावर तेच अठरा फूट काढायचे, तर सगळं फोडावं लागतं. म्हणून मग पायऱ्यांच्या शेजारी उरलेल्या जागेत रॅम्प कोंबला जातो आणि कागदावर 'रॅम्प आहे' अशी नोंद होते.

असा एक रॅम्प मी एका सरकारी कचेरीच्या दारात पाहिला. तीन पायऱ्यांना जेमतेम सहा फुटांचा, वर गुळगुळीत ग्रॅनाइट, कठडा नाही. एक मुलगा वडिलांची व्हीलचेअर त्यावर चढवत होता. निम्म्यावर त्याची चप्पल सटकली, खुर्ची मागे आली. पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच. शेवटी वॉचमन धावला आणि दोघांनी खुर्ची उचलून पायऱ्यांवरूनच वर नेली. वडिलांनी मांडीवरची फाइल दोन्ही हातांनी गच्च धरली होती आणि ते खाली बघत होते. आत पोचल्यावर कळलं, त्यांचं काम दुसऱ्या मजल्यावर होतं.