कायद्याच्या वाटेने येणारी हुकूमशाही : नववी-दहावीच्या वर्गासाठी

जर्मनी, १९३३ : बेकार सुमारे ६० लाख. हिटलर बंड करून नव्हे, तर ३० जानेवारीला राष्ट्राध्यक्षांच्या नेमणुकीने चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीला संसद भवनाला आग. दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क स्थगित. २३ मार्चला संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला देऊन टाकला.

भारत, १९७५-७७ची आणीबाणी : जर्मनी आणि भारत हे दोन दाखले सारखे नाहीत, असा आक्षेप वर्गात येईल. तो रास्तच आहे : आणीबाणी निवडणुकीनंतर संपली, हिटलरची नाझी राजवट युद्धातल्या पराभवाने. साम्य आहे ते वाटेत. २५ जूनच्या रात्री संविधानाचे कलम ३५२ वापरले गेले ते ‘अंतर्गत अशांतते’च्या कारणाने. मग वृत्तपत्रांवर सेन्सॉर, ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली स्थानबद्धता. शेवट २१ मार्च १९७७. पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने (१९७८) ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातले. त्याच दुरुस्तीमुळे कलम २० (गुन्ह्यांच्या शिक्षेबाबतचे संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्य) आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत.

वऱ्हाड : हे संविधान घडवणाऱ्या संविधान सभेत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा डॉ. आंबेडकरांनी याच सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला.