मंडलात अडकलेली नोट

रुपया १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या साऱ्या मुलखात एका वजनाचा आणि एका कसाचा झाला. परंतु त्याच्या जागी चालू पाहणारा कागद मात्र पुढे पाऊणशे वर्षे आपापल्या इलाख्याची वेस ओलांडताना अडखळत राहिला. नोटेमागील चांदी वाहून नेण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे या दीर्घ कलहाचे मर्म होय.

प्रथम नोटा काढण्याचा अधिकार बंगाल, मुंबई (१८४०) आणि मद्रास (१८४३) येथील सनदी बँकांकडे होता. मुंबईच्या बँकेस दोन कोटींची मर्यादा होती, तरी तिचे कागद राजधानीबाहेर क्वचितच फिरत. मुलखातील देवघेव सराफांच्या हुंडीवर चाले. सत्तावन्नच्या उठावाने खजिना खंगल्यावर, १८५९ साली आलेले अर्थसचिव जेम्स विल्सन यांनी नोटांचा मक्ता सरकारकडे घेण्याची योजना मांडली. विल्सन यांना गंगाजळीचे प्रमाण लवचीक हवे होते. भारतमंत्री चार्ल्स वुड यांना ठरीव मर्यादेपलीकडील प्रत्येक नोटेमागे नाणे वा धातूच हवा होता. विल्सन १८६० च्या ऑगस्टात कलकत्त्यास निवर्तले आणि १८६१ चा कायदा वुड यांच्या मतानुसार झाला: चार कोटींपर्यंत कर्जरोख्यांचा आधार, त्यापुढे नाणे वा धातू. बँकांचा अधिकार १ मार्च १८६२ पासून संपला. भरपाईदाखल त्यांना सरकारी शिलकेचा व्यवहार मिळाला.

नवी नोट एकाच बाजूस छापलेली असे आणि तिच्यावर राणी व्हिक्टोरियाची प्रतिमा असे. परंतु व्यापाऱ्याची नजर प्रथम मंडलाच्या, म्हणजे ती ज्या चलन-प्रदेशापुरती काढलेली असे त्याच्या, नावाकडे जाई, कारण नोट कायदेशीर चलन होती ती केवळ त्या मंडलापुरती. कलकत्त्याची नोट मुंबईच्या सराफापुढे ठेवली, तर ती वटविण्यासाठी परत तिकडेच धाडावी लागणार म्हणून तो बट्टा कापून घेई. टपालात चोरी होऊ नये म्हणून पेढीवाले नोटेचे दोन तुकडे करीत, एक रवाना करीत आणि त्याची पोच आल्यावरच दुसरा धाडीत.

नोट तिच्या मंडलापुरतीच ठेवण्याचा सरकारचा हट्ट निष्कारण नव्हता. कापसाच्या हंगामात मुंबईहून वऱ्हाडाकडे रुपयांचा ओघ लागे, अकोला आणि नागपूर येथेही नोटांच्या कचेऱ्या होत्या. आणि कोठलीही नोट कोठेही वटविण्याचे वचन दिले असते, तर व्यापाऱ्यांची रक्कम फुकट पोहोचविण्याचा बोजा खजिन्यावर पडला असता. १८७१ साली पाच रुपयांची नोट निघाली. ब्रह्मदेश वगळता तिला सर्वत्र मान्यता मिळण्यास १९०३ साल उजाडले. पाठोपाठ १९१० साली दहा व पन्नास आणि १९११ साली शंभर रुपयांच्या नोटांची मंडले मोडली.

सनदी बँकांशी झालेला झगडा सरकारने एका कायद्यानिशी जिंकला. पण सराफाचा बट्टा त्या कायद्याने हटला नाही. ज्या नोटेवर चांदीची वाहतूक पदरात घेण्यास खजिना राजी झाला, त्याच नोटेपुरता तो हटला.