पंधरा दिवसांची दिल्ली

समरकंदहून दिल्लीला यायचं, तेही 1398 साली, घोड्यावरून! वाटेत हिंदुकुशचं बर्फ, मग सिंधू, मग पंजाबच्या नद्या. या वाटेनं फौज आणणारा तैमूर साठी ओलांडलेला होता. उजवा पाय लंगडा, उजवा हातही अधू. 1941 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी त्याची कबर उघडली, तेव्हा हाडांनीही तेच सांगितलं. हिंदुकुशमध्ये तर एका कड्यावरून त्याला फळ्यांच्या तराफ्यावर बसवून, दोर लावून, टप्प्याटप्प्यानं खाली सोडलं होतं!

पण त्याहून मोठं नवल दिल्लीचं. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळात ज्या दिल्लीनं मंगोलांना पुन्हा पुन्हा पिटाळलं, ती एका दिवसात कशी पडली?

कारण ती आधीच पोखरली होती. दख्खन 1347 मध्येच बहमनींच्या हाती गेलं होतं. फिरोजशहा तुघलकानं सैनिकांची पदं वंशपरंपरागत केली. बाप थकला की मुलगा, तोही नसेल तर जावई. लढता येतं का, हे विचारायचंच राहिलं! 1388 मध्ये फिरोजशहा वारला आणि वारसदारांत जुंपली. पुढं काही वर्षं दिल्लीत एक सुलतान आणि जवळच्याच फिरोजाबादेत दुसरा. सरदार आपापले सुभे घेऊन सुटे झाले. सुलतान महमूदचं नाव उरलं, सत्ता मल्लू इक्बालखान या सरदाराकडे.

तरी दिल्लीकडे एक हुकमी शस्त्र होतं: चिलखत घातलेले हत्ती. त्यांच्या नुसत्या वर्णनानं तैमूरच्या छावणीची झोप उडाली. लढाईत कुठं थांबणार, असं त्यानं सोबतच्या विद्वानांना विचारलं, तर ते म्हणाले, बायकांच्या तंबूपाशी!

तैमूर मात्र हिशेब मांडत होता. त्यानं खंदक खणवला, म्हशी एकमेकींना बांधून आडोसा केला, हत्तींच्या पायांसाठी लोखंडी काटे तयार ठेवले. सहा वर्षांनी समरकंदला गेलेल्या क्लाव्हिहो या स्पॅनिश वकिलानं आणखी एक गोष्ट ऐकली: गवत लादलेले उंट पेटवून हत्तींवर सोडले होते. आगीला बुजलेला हत्ती उलटा फिरला, तर कुणाला तुडवेल? आपल्याच पायदळाला! 17 डिसेंबरला महमूदची फौज उधळली आणि रात्री सुलतान पळाला.

या चातुर्याची दुसरी बाजू भयंकर आहे. लढाईच्या आधीच तैमूरनं हजारो कैद्यांची कत्तल केली. त्याचे इतिहासकार आकडा एक लाख सांगतात. मग दिल्ली लुटली, माणसं मारली, गुलाम केली.

आणि इतकं करून तो राहिला किती? सुमारे पंधरा दिवस! जाताना दिल्लीचे पाथरवट नेले, हत्तीही नेले. समरकंदच्या बीबी खानम मशिदीसाठी त्याच हत्तींनी दगड ओढले. ज्यांना पाहून फौज थरथरली, ते गवंड्यांच्या हाताखाली राबू लागले!

मग या पंधरा दिवसांतून उरलं काय? एक दावा. तैमूरचा वंशज बाबर यानं 1519 मध्ये दिल्लीचा सुलतान इब्राहिम लोदी याला ससाण्याची भेट पाठवून निरोप धाडला: पूर्वी तुर्कांचे असलेले मुलूख परत करा. उत्तर आलं नाही. 1526 मध्ये बाबर पानिपतावर स्वतःच आला आणि यावेळी परत गेला नाही.