अब्र्यातला बुवा-कुक

बर दुबईहून देऱ्याला जायला तुम्ही अब्र्यात बसला आहात. एक दिरहम दिला, फळीवर जागा मिळाली. शेजारी एक कुटुंब. आई ओढणीत तोंड लपवते, क्षणभर थांबते, ओढणी दूर करते. बाबांच्या मांडीवरचं बाळ खदखदा हसतं. पुन्हा लपणं, पुन्हा हसणं. त्यांची भाषा कोणती, काही कळत नाही. पण हा आपला ‘बुवा-कुक’च आहे एवढं लगेच कळतं. (जपानी आया याच खेळाला ‘इनाइ इनाइ बा’ म्हणतात.) दोन मिनिटांत फळीवरचे सगळेच हसू लागतात. तुम्हीही. आता सांगा, तुमचा या लोकांशी संबंध काय?

हसू संसर्गजन्य असतं हे आपण म्हणतोच. लंडनमध्ये सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी 2006 साली हे मेंदूचे स्कॅन करून पाहिलं. स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाला नुसते आवाज ऐकवले: हसण्याचे, जल्लोषाचे, भीतीचे, किळस आल्याचे. चेहऱ्याच्या हालचालींची तयारी करणारा मेंदूचा भाग आनंदी आवाजांना जास्त जोरात प्रतिसाद देत होता. म्हणजे तुम्ही ठरवायच्या आधीच गाल तयारीला लागलेले असतात.

शिवाय हसण्यातून नातंही ऐकू येतं. ग्रेगरी ब्रायंट यांच्या 2016च्या अभ्यासात 24 वेगवेगळ्या समाजांतल्या श्रोत्यांना दोन माणसं एकत्र हसतानाचे जेमतेम सेकंदभराचे तुकडे ऐकवले. हे मित्र की अनोळखी? सुमारे 61 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून 50 आली असती. फार नाही, पण एका सेकंदात, तेही परक्या लोकांबद्दल!

आता बाळाकडे वळू. त्याला गंमत कसली वाटते? अचानक काहीतरी दिसल्याची, असं वाटेल. पॅरट आणि ग्लाइटमन या संशोधकांनी 1989 साली सहा ते आठ महिन्यांच्या बाळांशी हाच खेळ खेळताना मधूनच लबाडी केली: लपला एक, निघाला दुसराच, किंवा निघाला भलत्याच जागी. आश्चर्य तर वाढलं, पण हसू कमी झालं, विशेषतः सात-आठ महिन्यांच्या बाळांचं. मजा आहे ती अपेक्षित चेहरा पुन्हा त्याच जागी दिसण्यात.

हे वाचलं तेव्हा मला माझी मुलगी आठवली. ती आठ महिन्यांची होती तेव्हा सांगलीला आजीकडे होती आणि मी शारजात. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मी टॉवेलमागे लपायचो. ती एकदा हसायची, मग आजीकडे बघायची. मला वाटायचं, ओळखत नाही. चेहरा तर तोच होता, जागाही तीच.

चुकत होती ती बहुधा वेळ. 2009 साली दहा भाषांमधले संवाद मोजले गेले, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं निघालं. कॉल थोडा अडखळला तरी याहून जास्त वेळ जातो. मरे आणि ट्रेव्हार्थन यांनी 1985 साली जेमतेम दोन महिन्यांच्या बाळांना आईशी टीव्हीच्या पडद्यावरून खेळवलं. थेट दिसत होती तोवर बाळं खुश. मग तिचंच आधीचं हसरं चित्रण लावलं. आई तीच, हसूही तेच, पण ते आता बाळाला उत्तर देत नव्हतं. बाळं अस्वस्थ झाली, नजर वळवू लागली. (नंतरच्या काही प्रयोगांत फरक इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं.)

तेव्हा तुमचं लेकरू दूर असेल, तर वेग लागणारे खेळ पडद्यावर खेळू नका. लपायचंच तर जरा जास्त वेळ लपा आणि ओढणी आजीच्या हातात द्या: मोबाईल तिने झाकायचा, तिनेच उघडायचा. मग खेळाची लय तिकडच्या खोलीत राहते, इंटरनेटवर नाही. आम्ही हे फार उशिरा शिकलो. तोवर मुलगी रांगत कॅमेऱ्याबाहेर जायला लागली होती.

आणि हो, अब्र्यातल्या त्या बाळाचा व्हिडिओ घ्यायला मोबाईल काढू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याचं चित्रण करणं इथे गुन्हा आहे. नुसतं बघा. देरा यायला अजून दोन-तीन मिनिटं आहेत.