सहाशे आठ

भोरच्या बाजारात मोटर रिवायंडिंगचं एक दुकान आहे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते. विहिरींवरून आणलेले जळके पंप पार दारापर्यंत. त्या गर्दीत पाच एचपीच्या एका पंपाला टेकून चाकांच्या बुटांचा जोड ठेवलेला दिसला आणि मी आपल्या मोटरचं सोडून बुटांचंच विचारत बसलो.

बूट पुण्यात शिकणाऱ्या इथल्याच एका मुलाचे. तो रोलर हॉकी खेळतो. आइस हॉकीसारखाच खेळ, फक्त बर्फाऐवजी गुळगुळीत फरशी. सुटीत घरी आला की बूट आणि स्टिक दुकानाच्या मिस्त्रींच्या ताब्यात.

मिस्त्रींनी ॲलन-की फिरवून चाक सोडवलं, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं बेअरिंग ढकलून तळहातावर घेतलं. "हे सहाशे आठ. ड्रिल मशीनला हेच, बारक्या ग्राइंडरला हेच." बाहेरून २२ मिलिमीटर, आतलं भोक ८, जाडी ७. कंपनी कुठलीही असो, माप तेच. चाकाला दोन, बुटाला चार चाकं. जोडाला सोळा सहाशे आठ.

सोळाही पेट्रोलच्या वाटीत पडली आणि पेट्रोल तांबूस झालं. पुसून, वाळवून झाल्यावर मिस्त्रींनी टेबलफॅन बंद केला. एकेक बेअरिंग करंगळीत अडकवून कानाशी नेत, फिरवत. चांगल्याचा आवाज जवळजवळ नाहीच. तीन मात्र खरखरली. "ह्यांत पावसाचं पाणी गेलंय," म्हणत ती बाजूला ठेवली. बाकीच्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. ग्रीस का नाही? "ग्रीस टिकतं, पण जड फिरतं. पोराला पळायचंय."

तिथंच उभ्या पोराला मात्र परदेशी बेअरिंगं हवी होती. मोबाइलवर त्यानं डबी दाखवली, वर ठळक ९. हा ९ म्हणजे 'अबेक' या अमेरिकी मानकातली अचूकतेची श्रेणी. १ पासून वर चढत जाते. मिस्त्री हसले. "ग्राइंडर मिनिटाला अकरा हजार फेरे मारतो. तू किती मारणार?" घरी येऊन मी हिशेब केला. ८० मिलिमीटरचं चाक, वेग ताशी २० किलोमीटर, तर फेरे मिनिटाला साधारण तेराशे. म्हणजे पैसे ९ या आकड्याचे.

आकड्यांवर आणि नावांवर चाकांच्या बुटांचा हा धंदा पहिल्यापासून चाललाय. १९८० साली मिनेसोटातल्या स्कॉट ओल्सन या आइस हॉकीपटूनं बर्फ वितळल्यावरही सराव करता यावा म्हणून एका रेषेतल्या चाकांचे बूट बाजारात आणले. त्यातून रोलरब्लेड हा ब्रँड झाला. नव्वदच्या दशकात अमेरिकेत या बुटांची लाटच आली. १९९३ मध्ये रोलर हॉकीची व्यावसायिक लीग निघाली. त्याच सुमारास नायकेनं बाउअर या हॉकी ब्रँडची मालक कंपनी सुमारे ३९.५ कोटी डॉलरला घेतली. १९९९ नंतर लीग गुंडाळली गेली आणि २००८ मध्ये नायकेनं बाउअर २० कोटी डॉलरला विकून टाकला. एवढ्या उलथापालथीत चाकातलं बेअरिंग सहाशे आठच राहिलं.

दुकानात वार्निशचा वास इतका मुरलाय की बाहेर पडल्यावरही तो कपड्यांना येतो. त्या वासाचं स्टिकशीही नातं निघालं. स्टिकचं पातं टोकाला फुटलं होतं. मिस्त्रींनी मोटरची कॉइल बांधायची कॉटन टेप घेतली, सराईत हातानं एकावर एक वेढे दिले आणि वरून वार्निशचा ब्रश फिरवला. उन्हात वाळलं की कडक. मुठीवरही टेप, पण तिथं वार्निश नाही, हात सरकतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुलानं एकदा तक्रार केली, पुढच्या वेळी सुधारलं.

सोळापैकी तीन बेअरिंगं बदलावी लागली. ४० रुपयांप्रमाणे १२०. मजुरी लावली नाही; माझ्या मोटरवर ती निघेल, असा मला संशय आहे.

"मामा, पुढच्या वर्षी हे बूट लहान होतील," मुलगा म्हणाला.

"मग बूट दे कुणाला तरी. सहाशे आठ तेवढी आधी काढून घे."