‘पथ्य’ : अर्थ आणि उपयोग

आजाऱ्याच्या घरी जे शब्द वारंवार कानांवर पडतात त्यांत ‘पथ्य’ हा एक होय. वैद्य तो सांगतात, डॉक्टर सांगतात, समाचारास आलेले आप्तही सांगतात. आणि आपणांस तो पूर्णपणे कळतो असे प्रत्येकास वाटते. परंतु अतिपरिचयामुळे ज्यांचा अर्थ पाहावयाचा राहून जातो अशा शब्दांपैकीच तो आहे. आजच्या मराठीत ह्या एका शब्दाच्या पोटी दोन परस्परविरुद्ध अर्थ नांदत आहेत, आणि त्यांच्या घोटाळ्याची झळ पुष्कळदा रुग्णास सोसावी लागते. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘पथिन्’ म्हणजे मार्ग. जे मार्गास सोडून नाही ते ‘पथ्य’, अशी ह्या शब्दाची सिद्धी पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात सांगितली आहे. ‘धर्म्य’ आणि ‘न्याय्य’ हे शब्दही त्याच सूत्राने सिद्ध होतात. म्हणजे धर्माला धरून ते धर्म्य, न्यायाला धरून ते न्याय्य, तसे मार्गाला धरून ते पथ्य. ह्यात निषेधाचा गंधही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विवेचनही ह्याच वळणाचे आहे. शरीराच्या मार्गांस जे बाधक नाही आणि मनासही रुचते ते पथ्य, व त्याच्या उलट ते अपथ्य, असा तेथील आशय आहे. शिवाय कोणताही पदार्थ सर्वकाळ पथ्य वा सर्वकाळ अपथ्य नसतो. मात्रा, काळ, संस्कार, प्रदेश, देह आणि दोष ह्यांनुसार तो निर्णय बदलतो, असेही तेथे बजाविले आहे. हिरड्याला संस्कृतात ‘पथ्या’ हे एक नाव आहे, तेही त्याच्या हितकारकपणावरून. सारांश, मूळ अर्थाने पथ्य म्हणजे घ्यावयाची वस्तू. टाळावयाची ती अपथ्य.

आता मराठी व्यवहाराकडे वळू. शाळेत मुलांना हा शब्द वाक्यात योजावयास सांगितला म्हणजे बहुतेक वह्यांत एकाच तऱ्हेचे वाक्य येते : ‘आजोबांना गोडाचे पथ्य आहे.’ येथे गोड हे पथ्य नसून अपथ्य आहे, हे कोणाच्याही ध्यानात येत नाही. उलट ‘त्यांना दूधभाताचे पथ्य सांगितले आहे’ हे वाक्यही तितकेच शुद्ध मराठी आहे, आणि तेथे दूधभात हाच आहार घ्यावयाचा असतो. षष्ठीचा प्रत्यय तोच, शब्द तोच, पण एकात निषेध आणि दुसऱ्यात विधी! ‘दुधाचे पथ्य आहे’ एवढेच कोणी म्हटले, तर दूध द्यावे की बंद करावे, हे संदर्भावाचून सांगता येणार नाही.

हा पालट कसा घडला असावा? आम्हांस वाटते, त्याचे इंगित ह्या शब्दाबरोबर येणाऱ्या क्रियापदांत सापडते. आपण पथ्य ‘खात’ नाही. ते ‘पाळतो’, ‘सांभाळतो’ आणि प्रसंगी ‘मोडतो’. ही क्रियापदे व्रत, नेम, शपथ ह्यांच्या सोबतीची आहेत. पथ्य एकदा नेमांच्या पंक्तीस जाऊन बसले, की उपवासात काय खाल्ले ह्यापेक्षा काय खाल्ले नाही हे जसे मोजले जाते, तसेच त्याचेही व्हावे हे स्वाभाविक आहे. ‘सभेत बोलण्याची पथ्ये’, ‘लेखकाची पथ्ये’ हे लाक्षणिक प्रयोगही नियमाच्या अर्थावरच उभे आहेत.

मात्र जुना अर्थ भाषेतून अजिबात गेलेला नाही. ‘पावसाने सामना थांबला, ते त्यांच्या पथ्यावरच पडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पथ्य म्हणजे हितकर, मानवणारे, हाच अर्थ अभिप्रेत असतो. ‘पथ्यकर’ हे विशेषण आणि ‘पथ्यापथ्य’ हा समास ह्यांतही तो शाबूत आहे.

शेजारच्या भाषांतही हा शब्द रुळलेला आहे. कन्नडमध्ये ‘पथ्य’ व तेलुगूत ‘पथ्यमु’ आहे, तर तमिळमध्ये ‘पत्तियम्’ हे त्याचे रूप रूढ आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी मंडळींच्या कानांवर ‘परहेज’ हा फारसी शब्द येतो. त्याचा अर्थ मुळातच ‘दूर राहणे’ असल्याने तेथे घोटाळा नाही. इंग्रजीतील ‘डाएट’चा प्रवास मात्र आपल्या शब्दाशी नवलाईने जुळतो. त्याचे मूळ ग्रीक भाषेत असून तेथे त्याचा अर्थ ‘जीवन जगण्याची रीत’ असा होता. आज ‘डाएट करणे’ म्हणजे कमी खाणे, असे आपल्याकडील तरुण पिढी समजते. दोन्ही शब्द वाटेवरून निघाले आणि वर्ज्याशी येऊन थांबले!

हा विचार शब्दकोशापुरता राहता तर आम्ही तो लांबविला नसता. पण ‘पथ्य म्हणजे वर्ज्य’ ही समजूत व्यवहारात अनर्थ घडविते. जुलाब होणाऱ्या बालकाचे अन्नपाणी ‘पथ्य’ म्हणून तोडले जाते. वस्तुतः त्यास क्षार-साखरेचे पाणी देत राहावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे आणि वयास योग्य असा आहारही द्यावा, असे आजचे वैद्यक सांगते. मधुमेही मनुष्य चहातील साखर सोडून पथ्य संपले असे मानतो आणि भाताच्या प्रमाणाकडे पाहत नाही. दुसरा कोणी इन्सुलिन घेऊन जेवण टाळतो आणि रक्तातील साखर उतरून संकटात सापडतो. क्षयरोगात तर पौष्टिक अन्न हा उपचाराचा मोठा आधार आहे. केंद्र शासनाने २०१८ साली ‘निक्षय पोषण योजना’ काढून क्षयरुग्णास आहारासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला व नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये केली, ती ह्याच कारणाने. मूळ अर्थाने पाहता, पोटभर सकस जेवण हेच त्या रुग्णाचे पथ्य आहे. ‘वैद्यजीवन’कार लोलिंबराजाने औषधापेक्षाही पथ्याला अधिक मान दिला, तो काय उपाशी राहण्याला?

मग आपण काय करावे? रूढ झालेला अर्थ हद्दपार करावा, असे आमचे म्हणणे नाही. रूढी ही शास्त्रापेक्षा बलवान असते, आणि ‘गोडाचे पथ्य’ म्हणणारास अडाणी ठरविणे हा शहाणपणा नव्हे. परंतु शिक्षकांनी हा शब्द शिकविताना ‘अपथ्य’ आणि ‘वर्ज्य’ हे शब्दही त्याच्या शेजारी बसवावेत. पाठ्यपुस्तकांत व आरोग्यविषयक पत्रकांत ‘पथ्य पाळावे’ एवढ्यावर न थांबता ‘काय घ्यावे’ आणि ‘काय टाळावे’ अशी दोन निरनिराळी वाक्ये लिहावीत. मुलांनाही एवढे सांगून ठेवावे की, घरी कोणास पथ्य सांगितले गेले तर ‘काय बंद?’ ह्याबरोबरच ‘काय द्यावयाचे?’ हेही विचारून घ्यावे. भाषेच्या तासाला शिकलेला हा एवढा भेद एखाद्या आजाऱ्याच्या पानात दोन घास अधिक वाढून गेला, तर तो तास सत्कारणी लागला असे आम्ही समजू.